बोर्ड तोच, नंबर तोच, तरी डिस्क उठत का नाही?

हार्ड डिस्कच्या सर्किट बोर्डाबद्दलचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. उत्तरांआधी एक गोष्ट ठरवून घ्या. डिस्कमधला डेटा दुसरीकडे कुठेच नसेल आणि तो गमावणं परवडणारं नसेल, तर पुढचं काहीही तिच्यावर करून पाहू नका. ती आहे तशी डेटा रिकव्हरीच्या प्रयोगशाळेत द्या.

प्रश्न : साडेतीन इंची डिस्क काल चालत होती, आज संगणकाला दिसतच नाही. नवा बोर्ड मागवू का?

नुसतं ‘दिसत नाही’ म्हणून मागवू नका. डिस्क टेबलावर सपाट ठेवा, वीज द्या, वर बोटाचं टोक टेकवा आणि कान द्या. फिरून टकटक करत असेल, तर दोष बहुधा आतल्या हेड्सचा, म्हणजे तबकडीवर डेटा वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या टोकांचा. बारीक बीप किंवा अडखळल्यासारखी गुणगुण येत असेल, तर हेड तबकडीला चिकटलंय किंवा मोटर जाम आहे. नीट फिरते, दिसते, पण फाइल उचलताना तासन्‌तास अडकते, तर खराब सेक्टर, म्हणजे तबकडीवरचे नासलेले कप्पे. यांतल्या कुठल्याही दुखण्यावर नवा बोर्ड हे औषध नाही. बोर्डावर खरा संशय घ्यायचा तो डिस्क पूर्ण मुकी असेल तेव्हा: कंप नाही, आवाज नाही, किंवा जळका वास येतोय.

तरी बोर्ड मागवण्याआधी दोन सोंगं ओळखा. पहिलं सोंग तिसऱ्या पिनचं. साटा या आजच्या डिस्कांच्या जोडणीत पॉवर कनेक्टरला १५ पिना असतात: पहिल्या तीन ३.३ व्होल्टच्या, ७ ते ९ या ५ व्होल्टच्या, १३ ते १५ या १२ व्होल्टच्या. नव्या मानकात तिसऱ्या पिनला वेगळं काम दिलंय. तिच्यावर ३.३ व्होल्ट आले की डिस्कनं बंद राहायचं. त्यामुळे काही नव्या डिस्क, विशेषतः बाहेरच्या पेटीतून काढलेल्या, जुन्या पॉवर सप्लायवर ढिम्म हलत नाहीत. पॉलिइमाइड टेपच्या बारीक पट्टीनं तिसरी पिन झाका, किंवा मोलेक्सवरून (पॉवर सप्लायच्या जुन्या चार पिनांच्या कनेक्टरवरून) साटा करणारी वायर वापरा, कारण मोलेक्सवर ३.३ व्होल्ट नसतातच. ही वायर घेताना कनेक्टर एकसंध प्लास्टिकमध्ये ओतलेला नको. त्यात आतल्या तारा एकमेकींना भिडून आग लागल्याची उदाहरणं आहेत.

दुसरं सोंग काळवंडलेल्या टिकल्यांचं. बोर्ड आणि आतली हेड्स यांना जोडणाऱ्या कथिली टिकल्यांवर वर्षानुवर्षांत काळपट थर चढतो. अशी डिस्क फिरते, पण ओळख देत नाही. कधी टकटकही करते आणि हेड गेल्याचा भास होतो. बोर्डाचे स्क्रू काढा. ते टॉर्क्स, म्हणजे चांदणीसारख्या खाचेचे, असतात: साडेतीन इंचीला बहुधा टी६ किंवा टी८, अडीच इंचीला टी५ किंवा त्याहून लहान. बोर्ड उलटा करून टिकल्या मऊ खोडरबरानं हलक्या हातानं घासा, मग ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. सॅंडपेपर नको, सुरीचं टोक तर नकोच. डिस्कच्या बाजूच्या स्प्रिंगसारख्या पिनांना हात लावू नका. एक जरी वाकली तरी नवं दुखणं ओढवून घ्याल. बसवताना स्क्रू समोरासमोर आळीपाळीनं, बेतानं आवळा.

प्रश्न : घाईत दुसऱ्याच उपकरणाचा अडॅप्टर लावला. आता डिस्क जोडली की पॉवर सप्लायच बंद पडतो. बोर्ड गेला का?

गेला असेलही, पण बऱ्याचदा फक्त त्याचा पहारेकरी मेलेला असतो. पॉवर कनेक्टरच्या जवळच दोन डायोड असतात, एक ५ व्होल्टच्या वाटेवर आणि दुसरा, बहुधा आकारानं मोठा, १२ व्होल्टच्या वाटेवर. अडीच इंची डिस्क फक्त ५ व्होल्टवर चालते, तिच्यात एकच. यांना टीव्हीएस डायोड म्हणतात. व्होल्टेज मर्यादेपलीकडे गेलं, किंवा धन-ऋण उलटं झालं, की हे स्वतः शॉर्ट होऊन लोंढा ग्राउंडकडे वळवतात. पॉवर सप्लायला समोर शॉर्ट दिसतो, म्हणून तो लगेच मिटतो.

बोर्ड डिस्कवरून उतरवा. मल्टिमीटर ओहमवर ठेवून डायोडच्या दोन टोकांवर टेकवा, मग टोकं उलटी करून पुन्हा. दोन्ही वेळा शून्य ते एक ओहम आले तर शॉर्ट आहे. डायोडचा डाग (सोल्डरचा जोड) काढून तो उचला आणि रिकाम्या जागेवर पुन्हा मोजा. शॉर्ट नाहीसा झाला तर दोषी सापडला. तसाच राहिला तर नुकसान पुढे पोचलंय, आणि पहिला संशय मोटर चालवणाऱ्या चिपवर. बोर्डावरच्या मोठ्या चौकोनी चिपांपैकी ही एक. पुष्कळ बोर्डांवर तिच्या पाठीवर ‘स्मूथ’ असा शब्दच छापलेला असतो. तिथे बारीक फोड, भोक किंवा तपकिरी वर्तुळ दिसलं तर त्या बोर्डाची आशा सोडा.

डायोडच्या शेजारी तांदळाच्या कण्याएवढे शून्य ओहमचे रेझिस्टर असतात, तेही तपासा. ते फ्यूजसारखे उडतात. उडाले असतील तर डायोड काढूनही डिस्क मुकीच राहील. तिथे तारेचा बारीक तुकडा जोडता येतो. डायोड काढलेली डिस्क चालते, पण उघडी पडलेली असते. खात्रीच्या पॉवर सप्लायवर डेटा काढून घेण्यापुरतीच वापरा.

असे अपघात फक्त अडॅप्टरनं होत नाहीत. सुट्या केबलींच्या पॉवर सप्लायमध्ये एका कंपनीची केबल दुसरीच्या डब्याला लावली तरी हेच होतं. डिस्ककडचं टोक सगळीकडे सारखं असलं, तरी डब्याकडच्या टोकाला कुठली पिन कशाची याला सर्वमान्य नियम नाही. ५ व्होल्टच्या तारेवर १२ व्होल्ट येतात आणि एका स्विचसरशी चार डिस्क जातात.

प्रश्न : त्याच मॉडेलची, तेवढ्याच क्षमतेची जुनी डिस्क घेऊन तिचा बोर्ड माझ्या डिस्कला लावला. मोटर फिरते, मग टकटक, आणि काही वेळानं थांबते. विकणाऱ्यानं फसवलं का?

बहुतेक नाही. मॉडेल जुळणं म्हणजे बोर्ड जुळणं नव्हे, आणि बोर्ड जुळणं म्हणजे काम झालं असंही नव्हे.

आधी बोर्डाचा नंबर. डिस्कवरच्या कागदी लेबलावर शोधू नका, बोर्डावरच छापलेला किंवा कोरलेला असतो. वेस्टर्न डिजिटलचा नंबर २०६० नं सुरू होतो, उदाहरणार्थ २०६०-७७१६४०-००३. बोर्डावर चिकटवलेल्या पट्टीवर २०६१ नं सुरू होणारा दुसरा नंबर असतो, तो भाग बसवून तयार झालेल्या बोर्डाचा. २०६० चा नंबर शेवटच्या तीन आकड्यांसकट जुळवा. २०६१ जुळला तर उत्तम, नाही जुळला तरी अडत नाही. सीगेटचा नंबर १०० नं सुरू होणारा नऊ आकडी, पुढे ‘रेव्ह’ आणि एक अक्षर, उदाहरणार्थ १००५३५७०४ रेव्ह सी. शेजारचं अक्षर कधी चालून जातं, पण पैसे मोजायचेच तर तेच अक्षर शोधा. सॅमसंगचा बीएफ४१ नं सुरू होतो, तोशिबाच्या अडीच इंचीचा जी००, हिताचीचा ०ए किंवा ०जे. वेस्टर्न डिजिटलच्या लेबलावरचा डीसीएम कोड बोर्डासाठी बघू नका. तो आतल्या हेड्स आणि तबकड्यांबद्दल सांगतो, आणि हेड्स बदलायच्या वेळीच कामाला येतो. क्षमता वेगळी असली तरी बोर्ड तोच असू शकतो: एकाच नंबरचा बोर्ड ५०० जीबीवरही सापडतो आणि १ टीबीवरही.

नंबर जुळल्यावर दोन मोठ्या चिपांवरचे छापील नंबर ताडून पाहा, मुख्य नियंत्रक आणि मोटर चालवणारी. इथे खरेदीतली एक मेख आहे. आजच्या बहुतेक बोर्डांवर भाग आतल्या बाजूला, डिस्ककडे तोंड करून असतात. बाहेरून काढलेल्या फोटोत हिरवी किंवा निळी पाठच दिसते. बोर्ड उलटा करून काढलेला फोटो मागा. देत नसेल तर दुसरा विक्रेता बघा. त्याहून बरं म्हणजे सुटा बोर्ड न घेता अख्खी चालू डिस्क घ्यायची. ती आधी तुमच्याच संगणकावर चालवून पाहता येते, म्हणजे नंतर काही बिघडलं तर डोनर बोर्डावरचा, म्हणजे त्या दुसऱ्या डिस्कच्या बोर्डावरचा, संशय तरी वगळता येतो.

आता टकटकीकडे येऊ. कारखान्यात प्रत्येक डिस्क स्वतंत्रपणे जुळवलेली असते: किती हेड्स आहेत, त्यातलं कुठलं बंद ठेवलंय, कुठल्या हेडला किती करंट द्यायचा, वाचणारा आणि लिहिणारा भाग एकमेकांपासून किती सरकलेले आहेत. एकाच दिवशी, एकाच पट्ट्यावर बनलेल्या दोन डिस्कांतही हे आकडे वेगळे. यांतले सुरुवातीला लागणारे आकडे बोर्डावरच्या एका आठ पायांच्या छोट्या रॉम चिपमध्ये असतात. बाकीचं फर्मवेअर, म्हणजे डिस्क चालवणारा आतला प्रोग्राम, तबकडीवरच्या राखीव भागात असतं, आणि तिथवर पोचायची वाट ही चिप दाखवते. तुमच्या डिस्कला दुसऱ्या डिस्कचा बोर्ड लावला की हेड दुसरीचे आकडे घेऊन राखीव भाग शोधायला निघतं, सापडत नाही, म्हणून मागे येऊन पुन्हा झेपावतं. ती तुम्ही ऐकलेली टकटक. कधी डिस्क भलत्याच नावानं किंवा शून्य क्षमतेनंही दिसते. असं दिसलं की लगेच वीज काढा. ‘अजून एकदा बघू’ करत दहा वेळा चालू करू नका.

२००० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतच्या पुष्कळ डिस्कांचे बोर्ड नुसते अदलाबदल करूनही चालायचे. तो सल्ला अजून तोंडोतोंडी फिरतो, म्हणून हा घोळ. तुमच्या हातातला डोनर बोर्ड बहुधा ठीकच आहे. तुमच्या जुन्या बोर्डावरची रॉम त्याच्यावर न्यायची राहिली आहे.

प्रश्न : ती रॉम चिप हलवायची कशी? साधं सोल्डरिंग येतं.

साधं सोल्डरिंग येत असेल तर आधी मेलेल्या एखाद्या बोर्डावर चार-पाच वेळा सराव करा. आठ पायांची चिप एकदा बोर्डावरचं तांबं सोबत घेऊन निघाली की तोच बोर्ड दुरुस्त करायचं दुसरं काम उभं राहतं.

चिप ओळखायची खूण म्हणजे दोन बाजूंना चार-चार पाय आणि नंबरात बहुधा २५ चा आकडा. ती काढण्याआधी मोबाइलवर दोन्ही बोर्डांचे स्पष्ट फोटो घ्या. चिपच्या एका कोपऱ्यावर ठिपका असतो, तो पहिला पाय. बोर्डावरही त्याच कोपऱ्याशी खूण असते. ठिपक्याला ठिपका, एवढं पाठ करा. उलटी बसवलेली चिप वीज मिळताच तापते आणि तिच्यातले आकडे कायमचे जाऊ शकतात.

हॉट एअर असेल तर आजूबाजूचे भाग पॉलिइमाइड टेपनं झाका, पायांवर फ्लक्स लावा, हवा ३३० ते ३५० अंशांवर आणि वेग कमी ठेवा, बाजूचे कण्याएवढे भाग उडू नयेत म्हणून. नोझल गोल फिरवत राहा. तीस-चाळीस सेकंदांत डाग चकाकतो. चिमट्यानं हलकेच ढकलून पाहा. चिप तरंगल्यासारखी सरकली की उचला. ओढू नका. हॉट एअर नसेल तर लवकर वितळणारा बिस्मथचा सोल्डर दोन्ही बाजूंच्या पायांवर भरपूर पसरवा आणि सोल्डरिंग आयर्न आळीपाळीनं दोन्हीकडे फिरवा. हा सोल्डर उशिरा गोठतो, त्यामुळे दोन्ही बाजू एकाच वेळी पातळ राहतात. नंतर तो तांब्याच्या वेणीनं पूर्ण पुसून काढा, कारण बिस्मथमिश्रित डाग ठिसूळ होतो.

डोनर बोर्डावरची चिपही अशीच काढून वेगळ्या पुडीत ठेवा, वर नाव लिहून. दोन्ही चिपा एकसारख्या दिसतात. टेबलावर शेजारी पडल्या की कुठली कुणाची ते कळायला मार्ग उरत नाही. तुमची चिप डोनर बोर्डावर बसवल्यावर भिंगातून आठही डाग पाहा आणि शेजारच्या पायांत शॉर्ट नाही ना, ते मीटरवर तपासा.

चिप हलवण्याऐवजी तिच्यातला मजकूर वाचून डोनरच्या चिपमध्ये लिहिता येतो. सीएच३४१ए हा प्रोग्रामर (चिपमधला मजकूर वाचणारं-लिहिणारं उपकरण) त्यासाठी बऱ्याच जणांकडे असतो. त्याच्या काळ्या आवृत्तीत एक खोड आहे: चिपला वीज ३.३ व्होल्ट देत असला, तरी संदेशाच्या तारांवर ५ व्होल्ट सोडतो. काही चिपा ते सोसतात, १.८ व्होल्टच्या तर मुळीच नाहीत. व्होल्टेज मोजल्याशिवाय अशा प्रोग्रामरला मूळ चिप जोडू नका. बोर्डावरच क्लिप लावून वाचताना बऱ्याचदा कचरा हाती येतो, कारण क्लिपमधून गेलेली वीज शेजारच्या नियंत्रकालाही जागं करते. दोनदा वाचा, दोन्ही फाइली ताडून पाहा. बाइटभरही फरक पडला, किंवा सगळीकडे एफएफ (रिकाम्या चिपची खूण) आले, तर चिप काढूनच वाचा. फाइल नीट मिळाली की आधी तिची प्रत दुसरीकडे ठेवा, मग पुढचं काम.

प्रश्न : वेस्टर्न डिजिटलच्या बोर्डावर आठ पायांची चिप सापडत नाही. यू१२ लिहिलेली जागा रिकामी आहे.

म्हणजे रॉम वेगळी बसवलेली नाही, मुख्य नियंत्रकाच्या पोटातच आहे. वेस्टर्न डिजिटलच्या या घराण्यात, म्हणजे एकाच रचनेच्या डिस्कांत, यू१२ ही रॉमची जागा. भरलेली असेल तर काम वरच्याप्रमाणे, रिकामी असेल तर अख्खा नियंत्रक हलवायचा. पाय अतिशय दाट असल्यामुळे ते घरच्या टेबलावरचं काम नाही. प्रयोगशाळांकडे पीसी-३००० सारखी साधनं असतात आणि राखीव भागातल्या माहितीवरून रॉम नव्यानं घडवणं त्यांना काही घराण्यांत जमतं. इथेच थांबा आणि त्यांच्याकडे द्या.

प्रश्न : बाहेरून जोडायच्या डिस्कचं यूएसबी सॉकेट तुटलं. आत साटाचं कनेक्टरच नाही. साटावाला बोर्ड चालेल?

अशा डिस्कमध्ये यूएसबी सॉकेट थेट डिस्कच्याच बोर्डावर असतं. त्याच घराण्याचा साटा बोर्ड शोधून रॉम हलवली तर डिस्क जागी होते, पण बऱ्याच वेळा फाइलींच्या जागी अर्थहीन बाइट दिसतात. कारण अशा पुष्कळ बोर्डांत डेटा लिहितानाच कूटबद्ध होतो, तुम्ही पासवर्ड लावलेला असो वा नसो. म्हणून फक्त सॉकेट तुटलं असेल तर बोर्ड बदलू नका, सॉकेट बदला. सॉकेटसोबत तांब्याच्या पट्ट्याही निघाल्या असतील, तर बारीक तारांनी जोडणी करून एकदा डेटा उतरवून घेता येतो. सॉकेट बदलणं हे मोबाइल दुरुस्त करणाऱ्याच्या हातचं काम, मात्र बोर्ड डिस्कवरून उतरवूनच त्याच्याकडे द्या.

पेटीत साधी साटा डिस्क आणि वेगळी यूएसबी पट्टी असेल तर प्रकरण वेगळं. पट्टी काढून डिस्क थेट संगणकाला जोडली आणि ‘डिस्क इनिशियलाइज करा’ असा संदेश आला, तर नाही म्हणा. पट्टी कूटबद्ध करणारी असेल, किंवा ती सेक्टरचा आकार ५१२ बाइटचा ४०९६ करून दाखवत असेल, तर डिस्क रिकामी असल्याचा भास होतो. डेटा जागेवरच असतो. तशीच पट्टी शोधून लावा.

प्रश्न : रॉम हलवून डोनर बोर्ड लावला आणि तोही जळला. नशीब?

नशिबाचा संबंध नाही. पहिला बोर्ड का जळला हे न शोधता दुसरा लावला गेला. बोर्डाला मारणारा दोष पॉवर सप्लायमध्ये असतो, तसाच डिस्कच्या आतही असू शकतो: मोटरच्या वेटोळ्यात, किंवा हेड्सच्या मुळाशी बसलेल्या प्रीॲम्प या छोट्या चिपमध्ये.

बोर्ड उतरवल्यावर डिस्कवर मोटरच्या तीन किंवा चार टिकल्या दिसतात. तीन असतील तर कुठल्याही दोघींमधला रोध सारखाच यायला हवा, साधारण १ ते ३ ओहम. चार असतील तर एक सामायिक टोक असतं, आणि तिच्यापासून बाकी तिघींपर्यंतचा रोध जवळपास निम्मा येतो. एखादी जोडी वेगळी आली, किंवा कुठलीही टिकली डिस्कच्या धातूच्या अंगाशी जोडलेली दिसली, तर मोटर गेली आहे आणि नवा बोर्डही जाणार. प्रीॲम्प असा सरळ मोजता येत नाही. त्याच घराण्याच्या चालू डिस्कवर त्याच टिकल्यांची रीडिंगं घेऊन ताडावी लागतात.

करंटची मर्यादा घालता येणारा टेबलावरचा पॉवर सप्लाय असेल, तर बोर्ड आधी डिस्कपासून सुटा ठेवून वीज द्या. मोटरच नसताना १२ व्होल्टवर मोठा प्रवाह जायचं कारण नाही. जात असेल तर बोर्डच शॉर्ट आहे. मग डिस्कवर बसवा. साडेतीन इंची डिस्क उठताना १२ व्होल्टवर क्षणभर २ ॲम्पियरच्या आसपास ओढते, म्हणून मर्यादा फार खाली ठेवली तर चांगली डिस्कही उठणार नाही.

प्रश्न : बोर्ड बदलून अजिबात न सुटणारे पण बोर्डासारखे वाटणारे दोष कोणते?

फर्मवेअरचे. सीगेटच्या बॅराकुडा ७२००.११ मालिकेतला, २००९ च्या सुरुवातीला गाजलेला, एसडी१५ फर्मवेअरचा दोष हे ठळक उदाहरण. डिस्क व्यवस्थित फिरायची, पण ‘व्यस्त’ अवस्थेत अडकून संगणकाला दिसायची नाही. बोर्ड निर्दोष असायचा. एसएसडीचं विचाराल, तर तिथे बोर्ड हीच डिस्क. डेटाच्या चिपा त्याच्यावरच असल्यामुळे ‘दुसरा बोर्ड लावणं’ हा प्रकारच नाही.

प्रश्न : डिस्क उठली! आता पुढे?

चेकडिस्क (विंडोजची डिस्क तपासणी) चालवू नका. डिफ्रॅग नको, आणि फोल्डर उघडून फोटो बघत बसणंही नको. डिस्कपेक्षा मोठी दुसरी डिस्क तयार ठेवा आणि डीडीरेस्क्यूसारख्या साधनानं सेक्टर-सेक्टर प्रत काढा, पहिल्या फेरीत अडणारे भाग सोडून द्या. फाइली त्या प्रतीतून शोधायच्या. बोर्डावर पंख्याची हवा असू द्या. प्रत पूर्ण होऊन उघडून पाहेपर्यंत जुना बोर्ड, रॉमची फाइल आणि डोनरची काढलेली चिप यांतलं काहीही टाकू नका.